पुढची गड्डी आणि सोवळे अण्णा

"हात धुऊन ये." हे अण्णांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

त्या नोकरीचा माझा पहिला दिवस होता. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, हात घरून चांगले साबणाने धुतलेले. तसं मी सांगितलंही. तर म्हणाले, "ते घरचे झाले. इथले धू."

मी धुतले. मग म्हणाले, "पूस." पुसले. त्यांनी माझा तळवा स्वतःच्या बोटाने चाचपून बघितला, म्हशीचं कातडं बघावं तसा, आणि म्हणाले, "अजून ओला आहे. स्वल्प वाऱ्यावर उभा राहा."

मी बेळगावकडचा. शिक्षण चौथी, तेही मास्तर दयाळू होता म्हणून. पण बंगळूरला आल्यावर शिवाजीनगरात एका सोडावॉटरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं यंत्र चालवलं, बाटली फुटून हनुवटीला लागलेल्याची खूण अजून आहे. मला कुणी वाऱ्यावर उभं करावं हे काही मला पटलं नाही. त्याच दिवशी मी ठरवून टाकलं, या माणसाशी आपलं जमायचं नाही. पुढे आम्ही रोज एकमेकांशी भांडत बरीच वर्षं एका खोलीत काढली.

ही गोष्ट साठ सालानंतरची. मल्लेश्वरमच्या बाजूला एक संशोधनाची संस्था होती, तिथे हिशेब करणारं मोठं यंत्र आलं होतं. आता पोरं खिशात घालून फिरतात तसलं नव्हे. एका हॉलभर पसरलेलं, त्याला थंड हवा लागायची, आणि आम्हाला मार्चातसुद्धा स्वेटर. त्याला काम सांगायचं ते पोस्टकार्डापेक्षा लांबट कार्डांवर भोकं पाडून. एका कामाला कार्डांचा एकेक ट्रे. लोक ट्रे आणून खिडकीत द्यायचे, मी ते यंत्राच्या तोंडात भरायचो, पोटातून छापलेला कागद आला की घडी घालून परत द्यायचो. माझं काम एवढंच, पण माझ्या हातून कुणाचं कार्ड कधी उलटं गेलं नाही, हे लिहून ठेवतो.

खोलीचे सुपरवायझर म्हणजे हे अण्णा. नाव सगळे विसरले होते, मागे सगळे 'सोवळे अण्णा' म्हणायचे. तोंडावर नुसतं अण्णा. घराणं मराठी, पण कधी काळी मराठी फौजेच्या घोड्यांबरोबर इकडे आलेलं आणि घोडे परत गेले तरी इथेच राहिलेलं. त्यामुळे त्यांच्या मराठीत अर्धी कानडी. मी बेळगावचा असून माझी कानडी त्यांना चुकीची वाटायची आणि त्यांची मराठी मला. आणि मला हाक मारायची ती नावाने कधी नाही. "काय रे बेळगाव."

सोवळं खरंच होतं. यंत्राच्या खोलीत चपला बाहेर. पिशवीत स्वतःचा पितळी पेला. कॅन्टीनमध्ये पोऱ्याने डोळ्यांदेखत पेला विसळून ठेवला तरी हे आपला पितळी काढणार, आणि तो घरून धुऊन आणलेला, पुन्हा नळावर विसळणार. विचारलं तर म्हणायचे, "आधी कोण प्यायलं हे मला ठाऊक नाही."

"अण्णा, पेला तुमचा. आधी तुम्हीच प्यायलात."

"तेच तर. काल कसा होतो कोण जाणे."

पावसाळ्यात छत्री आणायचे ती कार्डांसाठी. स्वतः भिजत यायचे आणि कुणाचा ट्रे फाटकापासून खिडकीपर्यंत छत्रीखाली न्यायचे. कार्डांच्या कपाटात त्यांनी विजेचा दिवा कायम लावून ठेवला होता, दमट हवेत कार्डं फुगू नयेत म्हणून. फुगलेलं कार्ड यंत्रात अडकतं, हे खरं. पण कपाट बंद करताना "आता निजा" म्हणायचे, हे कशाला, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

नियमाचं तर वेडच. देशात शेर-पावशेर जाऊन किलो आले तेव्हा मंडईत सगळ्या बायका शेरच म्हणत होत्या. हे शेर म्हणणाऱ्या बाईकडून भाजी घेईनात. "कायदा किलोचा आहे," म्हणायचे. बाई म्हणायची, घे तर घे, नाहीतर चालू लाग. अण्णा चालू लागायचे. असं करत त्यांच्या घरात वांगं दिसेनासं झालं. मग बायको मागल्या दाराने शेराची वांगी घेऊन किलोची म्हणून वाढायला लागली, आणि घर शांत झालं.

आता मुख्य गोष्ट. पुढची गड्डी.

यंत्राला प्रत्येक कामाच्या आधी थोडी ठरलेली कार्डं खायला घालावी लागायची. त्या कार्डांत लिहिलेलं असायचं, की बाबा, अमुक शब्दाचा अर्थ हा, अमुक गोष्ट इथे ठेवलेली आहे, आता पुढचं ऐक. हीच पुढची गड्डी. ती सगळ्यांना एकच. आपल्या ट्रेच्या डोक्यावर ती लावायची, मग आपली कार्डं. लोक ती लावायचे आणि विसरून जायचे, तिच्यात काय आहे ते कुणी वाचत नसे. अण्णा वाचायचे. तिच्या कडेवर त्यांनी लाल खडूने तिरकी रेघ ओढली होती. एखादं कार्ड इकडचं तिकडे झालं की रेघ मोडलेली दिसायची, आणि अण्णांचं तोंडही.

यंत्राच्या कंपनीचा एक माणूस टाय लावून आला आणि नवी गड्डी देऊन गेला. त्या सुमाराला अमेरिकेतून एक पातळ पुस्तक आलं होतं, यंत्राशी बोलायच्या भाषेचे नियम सांगणारं. सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी तेच नियम पाळायचे, म्हणजे एकीकडे लिहिलेलं काम दुसरीकडे चालेल, अशी कल्पना. अण्णांनी ते पुस्तक जुन्या कदाच्या, म्हणजे सोवळ्याच्या रेशमी वस्त्राच्या, तुकड्यात बांधून ठेवलं होतं. सोडताना हात धुणं आलंच. नवी गड्डी त्या पुस्तकाशी एकेक कार्ड ताडून बघितली आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही मुलगी चांगल्या घरी पडली.

सोमवारी जुनी गड्डी कपाटात कुलपात गेली आणि नवी खिडकीत आली. निळ्या रेघेची. भिंतीवर इंग्रजी नोटीस लागली. ती कुणी वाचली नाही.

त्याच आठवड्यात पूल पडला.

खरा नव्हे. धारवाडची एक मुलगी होती, पुलांवर प्रबंध लिहीत होती, सगळे तिला अक्का म्हणायचे. पुलावर किती भार, वारा किती, तो किती हलेल, असलं काहीतरी. तीन वर्षं ती ट्रे आणत होती आणि तीन वर्षं तिचा पूल कागदावर ठणठणीत उभा होता. तिचे गाईड त्या सत्राअखेर निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध सादर झाला तर झाला, नाहीतर नवा गाईड, आणि नवा गाईड म्हणजे त्याच्या आवडीचा नवा विषय, पहिल्यापासून. शेवटचं म्हणून तिने सगळं एकदा पुन्हा चालवायला दिलं. आणि मी कागद दिला, तर खिडकीतच तिचा चेहरा उतरला.

"हे माझं नाही."

"ट्रेवर नाव तुमचंच आहे."

"पूल पडला की हो."

मी म्हटलं, "उद्या पुन्हा घालू. झोपून उठला की बरा होईल."

दुसऱ्या दिवशी घातला. आता पूल पडला नाही, तर वर उचलला गेला. म्हणजे कागदाच्या म्हणण्याप्रमाणे पुलाचं वजन शून्याच्याही खाली. अक्का तिथेच स्टुलावर बसून कागद मांडीवर पसरून बघत राहिली. मग तिने मला विचारलं, "काल माझ्या आधी कुणाचं काम घातलं होतं?"

"पाऊसवाल्यांचं." हवामानाचे लोक होते, गावोगावच्या पावसाच्या बेरजा करायचे.

"आणि आज?"

"ताऱ्यांवाल्या साहेबांचं."

तिने मांडीवरचा कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "म्हणजे काल माझ्या पुलावर मंगळूरचा पाऊस बसला होता."

तिने मला समजावलं ते असं. बेरीज करायची तर आधी पाटी कोरी हवी. जुन्या गड्डीतली पहिली दोन कार्डं प्रत्येक कामाआधी यंत्राची पाटी पुसून टाकायची. तिच्या कार्डांत कुठेच "आधी शून्य धर" असं लिहिलेलं नव्हतं, कारण गरजच पडली नव्हती. ती दोन कार्डं नव्या गड्डीतून गेली होती. आता आधीच्या माणसाचं जे पाटीवर उरलं असेल त्यातच हिची बेरीज सुरू व्हायची.

ती तडक अण्णांपुढे गेली. अण्णा कार्डं उलटीपालटी करून कडा बघत होते.

"अण्णा, ती दोन कार्डं परत घाला."

"कुठली?"

"पुसणारी."

"पुस्तकात नाहीत."

"इतकी वर्षं होती ना?"

"चुकीची होती. कंपनीच्या कुणीतरी हौसेने घातलेली. पुस्तकात लिहिलंय, ज्याला शून्य हवं त्याने स्वतः शून्य ठेवायचं. यंत्राकडून पुसून मिळेल असं कुठे लिहिलेलं नाही."

"पण मिळत होतं."

"ते उपकार होते. हक्क नव्हे." अण्णांनी कार्डं खाली ठेवली. "कॅन्टीनमध्ये पेला उचलतेस, तेव्हा विसळतेस का?"

"विसळायला पोऱ्या आहे."

"त्याने विसळला, हे तुला कोणी सांगितलं?"

"अण्णा, मी चहा पीत नाहीये. माझे गाईड जायला निघालेत."

"सरी, ठीक आहे. मग विसळायला लाग."

मला तेव्हा अण्णांना त्यांच्याच पितळी पेल्यात बुडवावंसं वाटलं होतं. तिचे ट्रे किती, ते मला माहीत होतं, उचलायचे मीच. एकेक कार्ड बघून कुठे शून्य हवं ते शोधायचं, नवं कार्ड पाडायचं, मधे घालायचं. आणि ती एकटी नव्हती. आठवडाभरात निम्म्या संस्थेची कामं बिघडली. धान्यवाल्यांच्या गव्हाला ताऱ्यांचं वय लागलं. कुणी म्हणालं यंत्र खराब, एक साहेब म्हणाला बेळगाव कार्डं उलटी घालतो. मी त्या साहेबाला सांगितलं, "उलटं घातलं असतं तर यंत्र थांबलं असतं. तुमचं तर न थांबता चुकतंय." तेव्हापासून तो मला नमस्कार करत नसे. मीही त्याच्या नमस्कारावाचून जगलो.

अण्णा हलेनात. किल्ली त्यांच्या जानव्याला. "चालतंय म्हणजे बरोबर आहे असं नव्हे," एवढंच म्हणायचे, जो येईल त्याला. अक्का सकाळी येऊन कार्डं पाडत बसायची. बोटांना पट्ट्या. अण्णा तिच्या टेबलाजवळून जाताना मान वळवायचे, पण एकदा मी बघितलं, त्यांनी तिचा ट्रे दिव्याच्या कपाटात ठेवला, म्हणाले, "दमट आहे आज." कुलूप मात्र उघडलं नाही.

आता हे कळायला अण्णांची एक खाजगी गोष्ट सांगावी लागते. दर वर्षी उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आधी, शनिवारी दुपारी सगळे गेले की, अण्णा स्वतःचा एक लहान ट्रे काढायचे. त्यात तिथी होत्या. वर्षभराच्या एकादश्या, चतुर्थ्या कोणत्या वारी येतात ते यंत्र छापून द्यायचं. तो कागद ते गल्लीतल्या मंडळींना वाटायचे. त्यांना त्याचा भारी अभिमान. त्या वर्षीही चालवला. मीच घातला. मी म्हटलं, "अण्णा, छापील पंचांगाशी ताडून बघा एकदा." तर म्हणाले, "पंचांग माणूस करतो."

मग उगादी झाली. पुढचे काही दिवस अक्काची कार्डं पाडणं चाललंच होतं. आणि एका सकाळी खिडकीपुढे एक म्हातारी उभी राहिली. लुगडं, टक्कल केलेलं डोकं पदराखाली, हातात आमच्या यंत्राचा कागद, घडी घातलेला. फाटकावरच्या शिपायाने अडवलं नसेल असं नाही, पण तिच्यापुढे त्याचं काही चाललं नसावं.

"यंत्र कुठे आहे?" तिने मला विचारलं.

"आत आहे. तुम्ही कोण, आजी?"

"ते मला दाखव आधी. मेल्याला बघायचं आहे."

आतून अण्णा आले आणि जागच्या जागी लहान झाले. "आत्या, तू इथे?"

"ये पुट्टा, ये." पुट्टा म्हणजे कानडीत लहान पोराला म्हणतात. अण्णांचे कान लाल झाले, मी दुसरीकडे बघितलं, पण कान तिकडेच ठेवले. "काल काय होतं?"

"दशमी."

"देवळात सगळ्या बायका उपाशी बसल्या होत्या. मी म्हटलं, आज काय गं? तर म्हणाल्या, एकादशी. आणि मी दहीभात खाऊन गेले होते. वर लोणचं." तिने कागद खिडकीच्या फळीवर ठेवला. "विधवा झाल्यापासून माझी एकादशी चुकली नव्हती, पुट्टा. तापातसुद्धा नाही. तुझ्या यंत्राने मला भात खायला घातला."

अण्णांनी कागद उचलला. हात धुवायचे विसरले. बघत राहिले. सगळ्या तिथी एक दिवस पुढे सरकलेल्या होत्या. एकच दिवस, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं.

"यंत्राचं चुकत नाही, आत्या," ते म्हणाले, पण आवाज लहान होता.

"मग माझं चुकलं का?"

अक्का मागे टेबलाशी बसली होती. ती उठली नाही, हातातलं कार्डही खाली ठेवलं नाही. नुसतं विचारलं, "अण्णा, त्या ट्रेमध्ये सुरुवातीला शून्य ठेवलं होतंत का?"

आत्या एकदा अक्काकडे, एकदा अण्णांकडे बघत होती. तिला काही कळलं नव्हतं, पण कोण सापडलंय ते कळलं होतं.

मला राहवलं नाही. "अण्णा," मी म्हटलं, "त्या शनिवारी तुमच्या आधी पाऊसवालेच होते."

अण्णांनी आत्याला स्टूल दिलं. पितळी पेला काढला, नळावर विसळला, पाणी भरून तिला दिलं. तिने तो बाजूला ठेवला. "आज मी उपास करते आहे. काल चुकली ती," म्हणाली. "पाणीसुद्धा बेड, नको."

त्या दिवशी अण्णा खिडकीवर आले नाहीत. दुसऱ्या सकाळी मी आलो तेव्हा कपाटाला कुलूप नव्हतं. फळीवर एक पेटी होती, आणि तिच्यात गुलाबी कार्डं, दोन-दोनच्या जोड्या. जुन्या गड्डीतली पुसणारी तीच दोन कार्डं, गुलाबी कागदावर पाडलेली. नोटीस या खेपेला इंग्रजीत, कानडीत, आणि खाली वाकड्या अक्षरात मराठीतही होती, ती बहुधा माझ्यासाठी. ज्यांना जुन्यासारखी पाटी पुसून हवी त्यांनी गुलाबी जोडी सगळ्यात वर लावावी. ज्यांना नियमाप्रमाणे हवं त्यांनी लावू नये. पुढची गड्डी नवीच राहील.

लोकांनी झुंबड केली. गव्हाला गव्हाचं वय परत मिळालं, तारे आपल्या जागी गेले. अण्णा कोपऱ्यात उभे राहून बघत होते, सासरच्या लग्नात रुसलेला जावई बघतो तसे.

अक्काला मी जोडी दिली. ती म्हणाली, "एकदाच लागेल." तिचं काम संपत आलं होतं. तिने जुने ट्रे गुलाबी लावून चालवले, आणि शून्यं घातलेले नवे ट्रे गुलाबीशिवाय चालवले. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी पसरले आणि ओळीला ओळ लावत गेली. पूल दोन्हीकडे उभा होता. सारखाच.

"मग गुलाबीवरच चालवायचं होतं की," मी म्हटलं. "एवढी बोटं कशाला फोडलीत?"

"माझे परीक्षक उत्तरेतले आहेत. त्यांचं यंत्र दुसऱ्या कंपनीचं. तिथे गुलाबी कोण देणार?"

हे तिने अण्णांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं की नाही, ते मला ठरवता आलं नाही. अण्णा कार्डांच्या कडा बघत होते. बराच वेळ एकच कड.

प्रबंध गाईड जायच्या आत गेला. पुढे कळलं, परीक्षकाने तिकडच्या यंत्रावर तिचं काम घातलं, आणि ते जसंच्या तसं चाललं. ती पेढे घेऊन आली. अण्णांनी हात धुऊन एक घेतला, खाल्ला आणि म्हणाले, "विसळला होता ना." अक्का म्हणाली, "हो, अण्णा. पण तुम्ही थोडं आधी सांगितलं असतंत तर." अण्णा म्हणाले, "नोटीस होती." आणि दोघंही हसली. तसं मी त्यांना एकत्र हसताना पुन्हा बघितलं नाही, कारण ती बाई मग बंगळूर सोडून गेली.

अण्णा बरोबर होते की नव्हते, हे मला अजून विचारतात, आमच्या घरचीच पोरं, जी हल्ली कोरमंगलाला असल्याच कामात आहेत. म्हणतात, आजोबा, आमच्याकडेही असंच होतं. मी म्हणतो, बरोबर होते. त्यांचं बरोबर होतं म्हणून तर एवढा त्रास झाला.

राहिलं एक. पुढच्या वर्षी उगादीच्या आधीचा शनिवार आला. सगळे गेले. अण्णा आपला लहान ट्रे घेऊन खिडकीत आले. वर्षभर वेळ होता, पण त्यांनी काही त्यात शून्यं घातली नव्हती. तो हिशेब त्यांच्या कुणा काकांच्या पद्धतीने लिहिलेला, कुठून काय सुरू होतं ते त्यांनाच आता आठवत नव्हतं. आणि ते त्यांना कबूल करवेना. खिडकीबाहेर बघत, जसं काही दुसऱ्याच कुणासाठी मागतोय असं, ते म्हणाले, "बेळगाव, ती गुलाबी दे."

मी पेटी जवळ ओढली, झाकणावर हात ठेवला.

"देतो की," मी म्हटलं. "आधी हात धुऊन या, अण्णा."